मारुतीच्या पायऱ्या

बेल्याहून पाणीपुरवठा मंडळाचा माणूस येऊन सांगून गेला, गावाला पाण्याची एक बोरिंग मिळणार, जागा गावानंच ठरवायची. सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. बौद्धवाड्यातल्या बाया नाल्यात झिरे उकरून पाणी भरत होत्या. बोरिंग तिकडेच हवी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमच्या यांनाही. हे म्हणजे वामनराव, गावचे पाटील.

पण गावची रीत अशी, की बैठक टेकाडावरच्या मारुतीच्या देवळात व्हायची आणि ज्याला काही मागायचं त्यानं देवाच्या उंबऱ्याला हात लावून बोलायचं. तसं बोलला नाही, तर त्याचा शब्द धरत नसत.

बौद्धवाड्याच्या वतीनं खुशाल गुरुजी आले आणि पायऱ्यांखालीच थांबले.

"वर या ना गुरुजी. आता कोन अडवून राह्यलं तुमाले?" हे म्हणाले.

"अडवत होते तवा माया बाप इथंच उभा राहून बोले, पाटील. मंग त्यानं दीक्षा घेतली. देवाले हात लावनार नाई, अशी शपथ हाय आमची. तुमीच शाळेत चला, तिथं बोलू."

"देवाले सोडून शाळेत काऊन? देवापुढं मानूस खोटं बोलत नाई."

"मी कुठंच खोटं बोलत नाई."

दोघंही खरे आणि दोघंही हट्टाला पेटलेले. मी बायकांत बसले होते. वाटलं, उठून दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा. शेंदूर लावलेल्या देवाला तर कुणी विचारलंच नाही.

गुरुजी निघून गेले. बौद्धवाड्याचा शब्द पडला नाही, म्हणून बोरिंग देवळाच्या आवारातच झाली. पाणी गोड लागलं. यांना मात्र जेवण गेलं नाही.

"आमी तं देनारच होतो," हे म्हणाले.

"मंग चार पायऱ्या उतराच्या होत्या," मी म्हटलं.

तेव्हापासून गुरुजींची म्हातारी आई, रुक्माबाई, टेकाड चढून पाणी नेऊ लागली. एकदा आम्ही दोघं देवळात होतो. ती हंडा घेऊन उतरत होती, गुरुजी खाली तो घ्यायला हात पुढे करून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर आमच्याकडे.

"शपथ तुयी, रीत पाटलाची," म्हातारी म्हणाली, "आन् चढनं माया गुडघ्याले."