आत्याबाईंच्या पानात

वैशाखातल्या कोरड्या दुपारी इतवारीतल्या आमच्या घराच्या पडवीत एक मंद, खरबरीत सळसळ सुरू होई. ती आत्याबाईंच्या मांडीवरची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. विधवा, निपुत्रिक, तरी घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. भिवापूरहून आलेली पळसाची पानं ओल्या फडक्यातून त्या एकेक काढीत आणि बांबूच्या काडीने टाचून पत्रावळ करीत. दाराच्या फटीतलं ऊन त्या हिरव्यातून झिरपून त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांवर उतरे, आणि बाहेर हातगाड्यांचा खडखडाट चाले.

मी शाळेत मराठी शिकवीत असे. संस्कृतातल्या ‘पर्णा’चं प्राकृतात ‘पण्ण’ झालं आणि त्याचं आपलं ‘पान’, असं मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना सांगितलं. त्यांनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. विधवेने विडा खाऊ नये असं कुणी म्हटलं, की त्यांना तो अधिकच गोड लागे. “पुस्तकाच्या पानानं पोट भरते काय वं?” म्हणाल्या आणि हसल्या. खरं तर केवढा संसार आहे या दोन अक्षरांचा. झाडाचं ते पान, पोथीचं ते पान. सोयरीक जुळली की पानसुपारी, वय झालेलं माणूस म्हणजे पिकलं पान. आणि जेवायची वेळ झाली की पितळी ताट असो वा पत्रावळ, ‘पानं घ्या’ असंच आपण म्हणतो. या शेवटच्या अर्थाचं मोल मी त्यांच्याकडून शिकले.

साठचं दशक सरत आलं होतं. मी आणि माझा नवरा वेगळ्या जातींचे, नोंदणी करून लग्न केलेले. सासऱ्यांनी घरात घेतलं होतं, पण भाऊबंदांच्या पंगतीत मी अजून बसले नव्हते. नणंदेच्या लग्नात ती वेळ आली. मी रांगेच्या टोकाला बसले. वरणभात वाढत येणारे हात माझ्यापाशी येऊन थांबले. “हिचं पान आत घ्या,” एक चुलत सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्या क्षणी उठले असते, तर या घरात पुन्हा कधी ताठ मानेने बसता आलं नसतं. सासरे जमिनीकडे पाहत होते.

तेव्हा पंगतीच्या वरच्या टोकाहून आत्याबाई उठल्या. वाढलेली पत्रावळ दोन्ही तळहातांवर तोलीत, भाताचं शीतही न सांडता त्या सावकाश चालत आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. माझी रिकामी पत्रावळ त्यांनी बाजूला केली. “माह्या पानात बस पोरी. कोन उठवते ते पायतो मी.”

आमच्याकडे आपल्या पानात कुणी कुणालाही घेत नाही. आई घेते, तेही पोटच्या लेकराला. सारी पंगत ते जाणत होती. त्यांनी भात कालवला, एक घास स्वतः घेतला, दुसरा माझ्याकडे सारला. वरणात मीठ किती होतं ते मला कळलं नाही. डोळे भरून आले होते. सासऱ्यांनी मान वर केली. “वाढा ना आता. काहून थांबले?”

पुढे एकदा मी विचारलं, की दुसऱ्या एखाद्या घरी मला सुखाने बसू दिलं असतं का? “पळसाले पानं तीनच,” त्या म्हणाल्या. “कोन्याबी घरी जाय, लोकं हेच.”

पंधराएक वर्षांनी, उन्हाळा उतरताना, त्या गेल्या. तेराव्याला त्यांच्या नावाचं पान कोणी वाढायचं यावरून घरात कुजबूज सुरू झाली. पोटचं लेकरू नव्हतं ना. सासरे थकले होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली. “तू वाढ. तिची लेक तूच आहेस.”

मी वाढलं. काळ माणसाला पंगतीतून उठवतो, तिथे कुणाचंच काही चालत नाही. पण आईवेगळं होण्याचं दुःख मला त्या घरात हक्काने करता आलं, हे देणंही त्यांचंच.