एकतिसावा ट्रे

माती तपासायच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम करते आहे, आणि माझ्याइतकी मूर्ख बाई तिथे दुसरी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी सुनवायला नको.

दादाच्या रोपवाटिकेतली रोपं वाफ्यामागून वाफा माना टाकत होती. रोपवाटिका बाबांनी उभी केलेली. घरामागच्या खड्ड्यात ते पाला कुजवायचे आणि दर वर्षी नव्या पाल्यात जुनी ओंजळभर माती मिसळायचे, विरजण लावावं तशी. ते गेल्यावर दादाने गाडी लावायला त्या खड्ड्यावर काँक्रीट ओतलं आणि पिशव्यांमधली स्वच्छ, चाळलेली माती आणली. तिच्यात ह्युमस औषधालाही नव्हता. ह्युमस म्हणजे पाला म्हणून ओळखूच येणार नाही इतका कुजून मुरलेला पाला. तोच मातीचे कण बांधतो, ओल धरतो, मातीतले जीव पोसतो. दादाच्या वाफ्यांमध्ये पाणी वरच साचायचं आणि कडेने पळून जायचं. मी दोनदा बजावलं, त्याने दोनदा हसण्यावारी नेलं. नंतर एक दिवस रडत आला, आणि माझंच खरं ठरलं म्हणून मला अजिबात बरं वाटलं नाही.

तेव्हा आईने कपाटातून एक डबा काढला. बाबांच्या खड्ड्यातली शेवटची माती होती, काळी आणि ओलसर. आठवण म्हणून ती अधूनमधून पाणी शिंपडून जपत होती. हीच नव्या पाल्याला लावायची, उरलेले दोन वाफे तरी वाचवायचे, असं ठरलं. ते गेले तर रोपवाटिका बंद. मला मेलीला शहाणपणा सुचला. म्हटलं, आधी चमचाभर तपासून घेते, आणि अख्खा डबाच प्रयोगशाळेत नेला.

त्या दिवशी तीस नमुने आले होते. आलेली माती ट्रेमध्ये पसरायची, एकशे पाच अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायची, मग पुढचं सगळं. बावीस वर्षांत हात आपोआप चालतात. मी कुणाशी तरी बोलत होते आणि हात चालत होते. सकाळी ओव्हन उघडला तर आत एकतीस ट्रे. डबा टेबलावर रिकामा.

तरी मी तपासणी केली. इतका चांगला आकडा आमच्याकडे कधी आला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा ह्युमस जागच्या जागी होता. पाला कुजवणारे जीव तेवढे भाजून मेले होते. माती परत डब्यात भरली आणि डबा घेऊन रोपवाटिकेत गेले.

दादा वाफ्यापाशीच बसला होता. त्याने झाकण काढून डबा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बाबांच्या हाताला यायचा तो वास नाही येत," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने झाकण उलटं केलं. आतल्या खाचेत चिमूटभर काळी माती चिकटून राहिली होती, अजून ओली. नखाने ती अलगद खरवडून त्याने तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर धरली. लोक डॉक्टरकडे बघतात तसा तो माझ्याकडे बघत होता.

"एवढी पुरेल?"

त्या दिवसापर्यंत बावीस वर्षं मी लोकांना मातीबद्दल खरं तेच सांगत आले होते.

"पुरेल," मी म्हणाले.