तपकिरी ठिपके

काचपट्टीवरचा तुकडा मधोमध तुटलेला होता, आणि तेवढ्यावरून मॅडमनी तो ओळखला.

एरवी त्यांच्या प्रयोगशाळेत नमुना कुणाचा हे कळायची सोयच नव्हती. पट्टीवर नुसता क्रमांक असे. पण त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांच्या यकृतातल्या गाठीत सुई घातली गेली होती. तुकडा दोन भागांत आलाय, तरी काम भागेल, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांनाच सांगितलं होतं. नियम साधा होता. नमुना ओळखीचा निघाला तर पट्टी बाजूला ठेवायची आणि प्रमुखांना कळवायचं. हा नियम नव्या लोकांना मॅडमच शिकवत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

काम मोजणीचं होतं. कर्करोगाच्या पेशी महालबाड. शरीराच्या संरक्षक पेशींनी त्यांना ज्या खुणांवरून ओळखायचं, त्या खुणा तयार करणारी जनुकंच त्या बंद करून ठेवतात. जनुक बिघडलेलं नसतं, त्याला जणू रासायनिक कुलूप घातलेलं असतं. मग संरक्षक पेशी गाठीच्या दारावरून खुशाल निघून जातात. त्या किती आत शिरल्यात, ते त्यांना तपकिरी रंगवून मोजायचं. अडचण एवढीच, की यकृतात वयोमानाने साचलेला रंगही तपकिरीच असतो. नवशिके हमखास फसतात. मॅडमचे तर हे ठिपके बघण्यात केस पांढरे होत आले होते.

तरी त्या फसल्या. फसल्या म्हणणंही त्यांना सूट देण्यासारखं आहे. एक ठिपका पेशीसारखा वाटला, तो पेशीच असावा असं मनात आलं, आणि त्यांनी तो धरला. मग शेजारचा धरला. बाबांच्या आत कुणीतरी लढतंय, या कल्पनेने त्यांना इतकं बरं वाटलं की त्या मोजतच गेल्या.

अशी मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची असते. दुसरी मोजणारी नुकतीच रुजू झालेली डॉक्टर होती. तिचा आकडा फारच कमी आला, म्हणून ती चाचरत विचारायला आली. मॅडमनी तिला पुन्हा बघायला सांगितलं. ती पुन्हा बघून आली आणि आकडा वाढवून आली. एवढ्या अनुभवी बाईसमोर ती कसली स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतेय!

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मॅडमनी बाबांना सांगून टाकलं, की तुमच्या आत सैनिक आहेत, भरपूर आहेत. बाबा बस चालवून निवृत्त झालेले, गप्पिष्ट गृहस्थ. त्यांनी ते काकांना फोन करून सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, केस कापणाऱ्यालाही सोडलं नाही. लेकीने स्वतः मोजलेत म्हणाले.

आणि मग रुग्णालयातून निरोप आला, की बाबांना नव्या औषधाच्या चाचणीत घेता येणार नाही. आधीची औषधं लागू पडली नव्हती, सगळी भिस्त या चाचणीवर होती. ती कुलपं उघडणाऱ्या औषधाची होती. ज्यांच्या गाठीत संरक्षक पेशी शिरल्याच नाहीत, त्यांच्यासाठी. बाबांच्या गाठीत त्या फार आढळल्या होत्या. मॅडमना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मोजताना डोक्यात चाचणी नव्हतीच. नुसते बाबा होते.

त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. प्रमुखांनी नव्या डॉक्टरलाही बोलावून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "तेव्हा तुम्हाला जास्त दिसले, आता कमी दिसतात. दोन्ही वेळा वडील तुमचेच. मी कुठलं खरं धरू?"

मॅडमचे कान तापले. तेवढ्यात ती नवी मुलगी खाली बघत म्हणाली, की चूक माझीही आहे, आकडा मी वाढवला. धरणीने पोटात घ्यावं असं मॅडमना झालं. पट्टी बाहेरच्या प्रयोगशाळेत गेली, दोघींच्या अलीकडच्या सगळ्या मोजण्या पुन्हा तपासायला निघाल्या, आणि मॅडमना मोजणीच्या कामातून काढलं. बाहेरच्या तपासणीत पेशी जवळपास नाहीतच असं निघालं. चाचणीत जागा अजून होती.

आता हे बाबांना सांगायचं होतं. औषध मिळणार, कारण आत कुणीच लढत नाही.

"मग तू मोजलेस ते कोण?" बाबांनी विचारलं.

"वयाने साचलेला रंग, बाबा. मला सैनिक हवे होते, म्हणून ते दिसले."

"म्हणजे माझं म्हातारपण मोजलंस," बाबा म्हणाले आणि हसले. मॅडमना हसता येईना, रडूच आलं. औषध नक्की मिळणार ना, असं बाबांनी विचारलं. मिळेल, पण गुण येईलच असं नाही, हेही मॅडमनी या वेळी सांगितलं. बाबांनी मान हलवली. मग कामावर कुणी काही बोललं का, म्हणून खोदून विचारलं, आणि मॅडमना सगळं सांगावं लागलं.

नंतर त्यांनी काकांना फोन लावला.

"अरे, ते सैनिकांचं मी सांगितलं होतं ना, ते सगळं उलटं आहे. तिने नीटच सांगितलं होतं, मीच भलतं समजून बसलो. गाडी हाकणाऱ्या माणसाला काय कळतंय यातलं! छे रे, तिची कसली चूक? ती चुकायची नाही."

प्रमुखांच्या खोलीतही मॅडमना इतकी लाज वाटली नव्हती. त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला. बाबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि काकांशी बोलत राहिले.