कडू पेज

भैरवी डोळे मिटून कोणाच्या हातचं खात असेल, तर ते फक्त बाबांच्या. आई गेली आणि वर्षभरात पोरीला मोठ्या आतड्याचा दाह निघाला, रक्ताचे जुलाब सुरू झाले. जन्मभर कारकुनी केलेले मधुसूदनराव, ज्यांना साधा चहा धड जमत नव्हता, ते कमरेला पंचा खोचून स्वयंपाकघरात शिरले. मऊ भात, वरणाचं पाणी, सकाळी जिऱ्याची फोडणी दिलेली पेज. शेजारपाजारचे म्हणत, बाप असावा तर असा. म्हणणारच हो! मीही तेच म्हटलं असतं.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून आजार फोड करून सांगितला होता. "आतड्याच्या भिंतीत डेंड्रायटिक पेशी असतात. फांद्यांसारखे हात असतात त्यांना. त्या म्हणजे खबरी. पोटात कोण आलं, त्याचा नमुना उचलायचा आणि अंगातल्या फौजेला नेऊन दाखवायचा. आपला कोण, परका कोण, हे फौज त्यांच्याकडूनच शिकते. नेहमीच्या जंतूंना त्या 'असू दे, घरचेच आहेत' म्हणतात. तुमच्यात त्या घरच्यांच्याच नावानं बोंब मारून राहिल्या आहेत. फौज धावून येते आणि तुमचंच आतडं सोलते. हे इंजेक्शन त्या फौजेला शांत करतं. तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा, चूर्ण, काही म्हणजे काही घ्यायचं नाही. मला विचारल्याशिवाय तर नाहीच."

मधुसूदनरावांनी मान डोलावली. पण डोक्यात शिरलं ते एवढंच, की आपल्या पोरीची ताकद मारून राहिले. कोरोनात अख्ख्या गल्लीनं काढे ढोसले होते, त्यानंच आपण वाचलो, ही त्यांची पक्की समजूत. आता काय बोलावं अशा माणसाला!

इंजेक्शन लागू पडलं. भैरवी बँकेत जाऊ लागली, गाल भरले. आतडं वाचलं असं सगळेच धरून चालले होते. आणि मग सगळं पुन्हा उसळलं, पहिल्यापेक्षा वाईट.

"औषध चुकलं? बाहेरचं काही? काढाबिढा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," भैरवी म्हणाली. बाबा शेजारीच बसले होते. गप्प.

घरी आल्यावर मात्र त्यांना कंठ फुटला. "बँकेखाली तर्री-पोहे हाणले असशील. जिभेवर ताबा नको का?" भैरवी शपथा घेऊन थकली. पुढे पुढे तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. मुग्धाच्या, म्हणजे बँकेतल्या मैत्रिणीच्या डब्यातला भाताचा घासही तिनं बंद केला. एकदा म्हणाली, "बाबा, पेज कडू लागते हो." ते म्हणाले, "औषधांनी तुझ्या तोंडाची चव गेली." बिचारीनं तेही मान्य केलं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, बाबा पुन्हा गप्प. इंजेक्शनचा असर संपला असं धरून डॉक्टरांनी ते बंद केलं, दुसरं दिलं. तेही चाललं नाही. भैरवी दवाखान्यात भरती झाली. आता मोठं आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची, एवढंच बोलणं उरलं होतं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या यमुताई भेटायला आल्या. साधी, मोकळी बाई.

"अवं पोरी, काहून अशी खचून राहिली? गुळवेल सुरू हाय ना? माह्या निंबावरची हाय, अस्सल! तुहे बाबा रोज फिराले येतात अन् कांडी तोडून नेतात. पेजेत टाकतो म्हणे, तिले सांगू नोका."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरांना तिनं स्वतः सांगितलं. "गुळवेलीनंच भडकलं, असं मी छातीठोक म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण कळलं असतं तर आधी ती बंद करून पाहिली असती. पहिलं इंजेक्शन सोडलं नसतं. आता आतड्याची चाळण झाली आहे. थांबता येत नाही."

बाबा आले तेव्हा भैरवी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं. सांगितलं असतं तर प्यायली नसतीस."

"ते जाऊ द्या. डॉक्टरांनी दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. आणि घरी येऊन मला चटोरी म्हणालात. मी स्वतःलाच खोटारडी समजून राहिले होते, बाबा."

मधुसूदनराव पंच्यानं तोंड पुसत राहिले. माफी मागायचं त्यांना सुचलं नाही, की जमलं नाही, कोण जाणे.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आली. "आत काही निर्णय घ्यायची वेळ आली तर डॉक्टर कोणाशी बोलतील? घरचं कोण आहे?"

मधुसूदनराव शर्ट नीट करून पुढे झाले. "मी. वडील."

"बाहेर मुग्धा बसली आहे," भैरवी म्हणाली. "तिच्याशी बोला. यांना काही विचारू नका, हे खरं सांगत नाहीत."