बिनदेवाचा घुमट

अकरा प्रदक्षिणा घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, ही शैलेंद्रच्या आईची, म्हणजे नंदाताईंची, तीस वर्षांची सवय. २०१४ साली त्या सिंगापूरला, मुलाच्या जुरोंग ईस्टमधल्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटवर, आल्या आणि पहिले चार दिवस डायनिंग टेबलाभोवती फिरल्या. टेबलावर सुनेचा, सुचित्राचा, लॅपटॉप होता. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "शैलू, माझा नमस्कार त्या लॅपटॉपला पोचतोय. परतीचं तिकीट अलीकडचं करून दे."

सुचित्राला सातवा महिना होता. आई गेली तर बाळाला न्हाऊ घालायला शैलेंद्र उरत होता, आणि त्याचा अनुभव जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातल्या केमिकलच्या टाक्या धुवून घेण्यापुरता.

शनिवारी तो आईला खाली बागेत घेऊन गेला. स्विमिंग पूलपलीकडे बिल्डरने आठ खांबांचा गोल घुमट बांधला होता. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रज जमीनदारांच्या बागांत असायचा तसा, असं माहितीपत्रकात होतं.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग बांधला कशाला?"

"लांबून बघायला. उपयोग शून्य. तीच तर त्या लोकांची ऐट."

"एवढं बांधून काही मागितलंसुद्धा नाही?" नंदाताई वर बघत म्हणाल्या. "भली माणसं असणार." आणि चपला पायरीखाली काढून चालू लागल्या.

"आई, ते देऊळ नाहीये."

"माहितीये. मोजताना बोलू नकोस. दोन."

आठवड्याभरात नवव्या मजल्यावरच्या मिसेस टॅन त्यांच्याबरोबर फिरू लागल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण गुडघे सारखेच होते. मग आणखी तिघी आल्या. पायरीखाली चपलांचे पाच जोड झाले आणि मॅनेजमेंटचं पत्र आलं. शैलेंद्रने ते लिफ्टमध्येच घाबरत उघडलं. चपला रांगेत ठेवाव्यात, रॅक पाठवत आहोत, एवढंच होतं.

घरी येऊन त्याने हळूच विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

"तिकीट राहू दे. माझा इथं राहायचा पास वाढवून घे. बाळंतिणीला मिसेस टॅन आल्याचं सूप देणारेत. मी त्यांना डिंकाचे लाडू शिकवतेय."

सोमवारी कंपनीच्या बसमधून उतरून तो थेट घुमटापाशी गेला. सेफ्टी शूज काढून रॅकमध्ये ठेवले, हात जोडले. आभार नक्की कुणाचे मानायचे, ते ठरेना. इंग्रज जमीनदार, बिल्डर, मिसेस टॅन, रॅक पाठवणारा क्लार्क. पण आत कोणी नव्हतंच, त्यामुळे सगळ्यांना जागा होती.