दुपारची जागल

डॉक्टरांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पडद्यावरचा चेहरा गोठला, आवाज तुटला, आणि भर दुपारी ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत शीळ सुरू झाली. बारीक, एकसुरी, कुणी दातांच्या फटीतून काढावी तशी.

"मायबाई!" रामीबाई खुर्चीवरून उठलीच. "भीमराजभाऊ, आला पाहा तुमचा श्रावन!"

"बस खाली. भूतबित काई नसते," भीमराज म्हणाला खरा, पण त्याच्या अंगावर सरसरून काटा आला होता. पोराची शीळ बाप ओळखणार नाही तर कोण? त्यानं माऊसवर हात ठेवला आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "थांब ना बाप्पा, श्रावन!"

शीळ थांबली. डॉक्टरांचं तोंड हललं. "...डोळ्यात दिवसातून दोन वेळा टाका," ते म्हणाले, आणि पुन्हा गोठले.

काय टाकायचं, ते मधेच कुठंतरी सांडलं होतं. माऊस हलवला की चार शब्द यायचे, चार जायचे. असं करता करता डॉक्टरांची वेळ संपली. रामीबाई तांड्यावरून तीन कोस चालत आली होती. कपाशीवर फवारताना औषध डोळ्यांत उडालेलं. एक डोळा पांढरा पडत चाललेला, दुसऱ्याला धूसर दिसू लागलेलं. आता तिनं दोन वेळा टाकायचं तरी काय? कपाळ?

भीमराज म्हणजे गावचा कोतवाल. तीस वर्षं दवंडी पिटली, टपाल पोचवलं. त्याचा बाप जागल्या होता. रात्रभर गावाची राखण करायचा, आणि त्या कामाला जागल म्हणत. हाच बाप छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव त्यानं नाल्यात सोडले. त्या दिवसापासून घरात ना देव ना भूत. भीमराज तर चार पावलं पुढचा. कुणाच्या अंगात आलं की हा समोर जाऊन विचारायचा, "एवढं सारं कळते तं आपल्या गावचा पिनकोड सांग बरं." मारेगाव तालुक्यातले अर्धे भगत त्याच्यावर दात ठेवून होते.

आणि आता त्याच्याच पोराची शीळ!

ते साल कापसाच्या वाटोळ्याचं. पाहणी करणाऱ्यांच्या जीपा धुरळा उडवत आल्या, गेल्या, आणि जाताना कुठल्याशा योजनेतला एक लॅपटॉप गावात ठेवून गेल्या. छपरावर अँटेना लागली, तालुक्याच्या टॉवरकडे तोंड करून. बारा-बारा तास लोडशेडिंग, पण लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. दर गुरुवारी दोन वाजता यवतमाळचे डॉक्टर पडद्यावर यायचे. श्रावण ते सगळं सांभाळायचा, आणि काम करताना दातांतून शीळ घालायचा. पोळ्याच्या आठवड्यात तो काविळीनं गेला. दुसरा माणूस येईपर्यंत बाप खुर्चीत बसला, आणि पहिल्याच दिवशी शीळ आली.

बिघाड कळवायचा फोन नंबर भिंतीवर ठळक रंगवलेला होता. भीमराजनं फोन केला नाही. सगळ्यांना सांगितलं, केला म्हणून.

त्याचं असं झालं होतं. त्या पहिल्या दुपारी सगळे गेल्यावर त्यानं दार ओढून घेतलं, माऊसवरचा हात उचलला आणि वाट पाहिली. मिनिटभरानं शीळ आली. "तुही माय जेवते आता दोन घास," त्यानं सांगितलं. शीळ चालूच राहिली. मग रोजचंच झालं. गाय व्यायली, तेही सांगितलं. सांगताना जिभेला लाज वाटायची, पण सांगायचा. त्याला पोरगा पाहिजे होता; भूत तर भूत!

पुढच्या गुरुवारी तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. लोक यायचे थांबले. रामीबाई तेवढी आली, आता काठीनं रस्ता चाचपत. खोलीत शिरायच्या आधीच तिनं हात जोडले.

"भाऊ, तुमचं तं ऐकते ना थो? श्रावनले म्हना, धा मिन्टं दम धर. दुसराबी डोळा चालला माहा. मंग वाजव म्हना दिवसभर."

भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर ज्या भगतांना त्यानं पळवलं, त्यांच्यासारखंच ही बाई त्याला हात जोडून मागत होती. "आज घरी जाय. उद्या इथंच ये," तो म्हणाला, आणि भिंतीवरचा नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून सलील नावाचा इंजिनीअर आला. शीळ ऐकली आणि हसला.

"काका, हा प्रोसेसर झोपतोय. वीज वाचावी म्हणून काम नसलं की डुलकी घेतो. सेकंदाला हजारदा झोपतो, हजारदा उठतो. त्यानं आतले सुटे भाग थरथरतात, तीच ही शीळ. आणि उठायला जरा उशीर होतो. पोस्टमन दार ठोकून निघून जातो, घरातला अजून डोळे चोळतोय. मग वायरलेसवरून आलेलं निम्मं वाया जातं. बॅटरी टिकावी म्हणून आम्हीच तसं लावून दिलं होतं."

"मंग श्रावन होता तवा काहून नाही वाजली?" भीमराजनं विचारलं. एवढ्या एका प्रश्नावर त्याची सगळी आशा टांगलेली होती.

सलील शोधत राहिला. बऱ्याच वेळानं त्याला एक छोटा प्रोग्राम सापडला. तो चालू करताच पडद्याच्या कोपऱ्यात एक निळं चक्र फिरू लागलं, आणि शीळ थांबली.

"हे कोणी केलं?"

"थे? श्रावन सकाळी आला का चालू करे, मंग दिवसभर फिरत राहे. मले वाटे, पोराची हौस."

"हौस कसली! हे फिरत असलं की प्रोसेसरला झोप लागतच नाही. ज्यानं केलं त्याला नेमकं दुखणं कळलं होतं, काका. आमच्या ऑफिसात ते कळायला कितीतरी महिने गेले. नाव पण काय दिलंय... जागल."

भीमराजला पोराचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पोरगा पुन्हा मेला.

सलीलनं सेटिंगच बदललं, चक्र बंद केलं. "ऐका बरं. येते का?"

भीमराजनं कान लावला, बराच वेळ. "नाही येत," तो म्हणाला.

सलीलनं फोन करून डॉक्टरांकडून जादा वेळ मागून घेतला. रामीबाई आत बसली. औषधाचं नाव, किती थेंब, किती दिवस, सगळं खणखणीत येत होतं. भीमराज बाहेर पायरीवर जाऊन टेकला. समोर कपाशीच्या शेतात चिटपाखरू नव्हतं. त्यानं दातांच्या फटीत जीभ लावली आणि फुंकर घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग बारीक, कापरी शीळ.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कोण शीळ घालतंय तिकडे?"

"कोनी नाही, साहेब," रामीबाई म्हणाली. "श्रावनचा बाप हाये. तुम्ही बोला."