गप्प राहण्याचा बाँड

आमच्या तहसीलदाराला मी साहेब म्हणते ते फक्त तोंडाने. वकिलाला तेवढं जमवावंच लागतं. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच वकिली करायची आहे. हा गृहस्थ अकरा ते एक कार्यकारी दंडाधिकारी असतो, म्हणजे माणसांना तुरुंगात पाठवतो. एक वाजता डबा खातो आणि दोन वाजता त्याच खुर्चीत तहसीलदार होऊन दाखले देतो. राज्य चालवणारा आणि न्याय करणारा वेगळा असावा, असं घटना सांगते. गडचिरोलीच्या या टोकाला पोचेपर्यंत त्या दोघांत एका डब्याचं अंतर उरलेलं असतं.

भुरकुंडी गावचे शेतकरी लटारूभाऊ माझे अशील. त्यांना पोलिसांनी शुक्रवारी उचललं. पुढच्या मंगळवारी गावात ग्रामसभा होती आणि विषय एकच: गावाचं जंगल खाणीला द्यायचं की नाही. दिल्लीचा कायदा म्हणतो, गावाची संमती हवी. मुंबईहून फोन येतो, ती लवकर हवी. आणि ती आणून द्यायची जबाबदारी आमच्या या साहेबावर. आधीच्या बैठकीत लटारूभाऊ एकटे उभे राहून नाही म्हणाले होते. पोलिसांच्या अहवालात त्याचं 'मोठ्या आवाजात बोलून शांतता भंग करण्याची दाट शक्यता' असं झालं. लटारूभाऊंचा आवाज इतका बारीक आहे की बस थांबवायची तरी हाक त्यांची बायको वच्छलाबाई मारते.

असल्या प्रकरणाला आमच्याकडे चॅप्टर केस म्हणतात. गुन्हा झालेला नसतो, होईल अशी शंका असते. पाच मिनिटांत हुकूम निघाला, चौकशी मागाहून. वर्षभर शांतता राखण्याचा बाँड द्या, आणि ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार आणा, नाहीतर तुरुंग. मी विचारलं, ऐपतीचा दाखला कोण देतं? तहसीलदार. मग द्या की, मी म्हटलं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, मी आत्ता दंडाधिकारी आहे. तहसीलदाराच्या कामात मी ढवळाढवळ करणार नाही. सत्तेचं विभाजन तुम्हाला मी शिकवायचं का?"

दोन्ही कारकून हसले. दोन वाजता गेले तर तहसीलदार दौऱ्यावर. त्यांचा दौरा घरच्या पलंगापर्यंत जातो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. संध्याकाळी लटारूभाऊंना गाडीत घालून तुरुंगात नेलं.

आता या माणसाची हुशारी बघा. भुरकुंडीत सभेला हात मोजत नाहीत. गावातली सगळी मोठी माणसं आली की सभा सुरू होते, त्याआधी नाही. आजारी असेल त्याला खाटेसकट उचलून आणतात. सुरू झाल्यावर एक जरी नाही म्हणाला, तरी त्याचं समाधान होईपर्यंत बसायचं. आणि जो सभेत बसून गप्प राहिला, तो हो म्हणाला. ही रीत साहेबाच्या शिपायालासुद्धा माहीत होती. पण शिपायाला विचारलं तर साहेबाची उंची कमी झाली असती ना.

मंगळवारी मीही गेले होते. मंडप, खुर्च्या, चहा, भजी, सगळा लग्नाचा थाट. साहेब बोलायला उठले तेव्हा गावातले सगळ्यांत म्हातारे डोमाभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, एक माणूस कमी आहे. साहेबांनी गणपूर्तीचा नियम वाचून दाखवला आणि ती झाल्याचं सांगितलं.

"कायद्याची झाली असन," डोमाभाऊ म्हणाले. "गावाची नाई झाली. लटारूले आणा, मंग इचारा."

साहेबांनी बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. एकही हात उठला नाही. विरोधात कोण? तरीही नाही. सभा सुरूच झाली नव्हती, तर हात कशाला उचलायचे? लोकांनी भजी मात्र खाल्ली. साहेब कोरं रजिस्टर घेऊन जीपमध्ये बसले, आणि मला इतका आनंद झाला की मी परत एक कप चहा मागितला.

बुधवारी सकाळी आठला साहेबांचा मला फोन. ऐपतीचा दाखला तयार होता. त्यासाठी अर्ज मी केलाच नव्हता. जामीनदारही त्यांनीच शोधला होता, वाळूचा एक कंत्राटदार. फक्त लटारूभाऊंची बाँडवर सही आणा, म्हणाले. मी वच्छलाबाईंना घेऊन बसने तुरुंगाकडे निघाले. जिंकल्यासारखं वाटत होतं.

लटारूभाऊंनी बाँड वाचून दाखवायला सांगितला. साहेबांनी त्यात स्वतःच्या अकलेने एक ओळ घातली होती: वर्षभर कोणत्याही सभेत विरोधाचं काही बोलणार नाही. मी म्हटलं, "सही करा न भाऊ. बाहेर तर या, मंग हायकोर्टात पाहू."

"बाहेर आलो का सभेत बसा लागन," ते म्हणाले. "बसलो आन् गप राह्यलो, त म्या हो म्हनलं. इथी आहो तवरी गावाले हो म्हनता येत नाई. मले राहू द्या बाई."

वच्छलाबाई आता नवऱ्याला झापतील, अशी मला आशा होती. त्यांनी मलाच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, चौकशी लांबवली तर सहा महिने.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "धानाचा रोवणा मी पाहून घेतो. तुमी सही नोका करू."

मला माझीच लाज वाटली. त्या माणसाला गप्प करून बाहेर काढायला मी आले होते आणि त्यालाच वकिली समजत होते. साहेबात आणि माझ्यात फरक काय, तर मी बसने आले होते.

बिनसहीचा बाँड मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो मागूनपुढून पाहिला. मग म्हणाले, ती ओळ काढून टाकतो, आता तर करतील सही? ओळ काढली तर लटारूभाऊ सभेत उभे राहून नाही म्हणणार, हे त्यांच्या डोक्यात शिरायला पुरतं एक मिनिट लागलं. मी घड्याळ बघत बसले होते. पकडायचा अधिकार यांचा, न्याय यांचा, दाखलाही यांचा. तरी गावाचा होकार मिळवण्यासाठी यांना एका शेतकऱ्याच्या पाया पडावं लागत होतं, आणि तेही जमत नव्हतं. असल्या माणसाला मी बारा वर्षं घाबरत आले, याचं मला हसू आलं. बिनशर्त सुटकेसाठी नागपूरला हायकोर्टात जाते, एवढं सांगून मी उठले.

वच्छलाबाई बस स्टँडवर थांबल्या होत्या. मी शेजारी बसले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, लवकर करा जी. ते आतमधी खोकलून राह्यले. त्यायच्या समोर मले बोलता नाई आलं."